नवरदेवाला लावलेला बोर्डो

“आठवडाभर तोंड धुतलंच नाहीस?”

“नाई मॅडम. पाणी लागूच नाई देल्लं,” प्रवीण अभिमानाने म्हणाला. चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा आणि त्याखाली लाल फोडांचं रान. शेजारी त्याची आई. लग्न पंधरा दिवसांवर.

मी त्वचेची डॉक्टर. वर्ध्याहून आठवड्यातून एकदा कारंजा घाडग्याला ओपीडीसाठी जाते. मागच्याच फेरीत मी या मायलेकांना उन्हाळ्याचं सगळं समजावलं होतं. हिवाळ्यातलं कोल्ड क्रीम बंद, खोबरेल तेल बंद. घामाच्या दिवसांत तेलाचा थर त्वचेची छिद्रं बुजवतो आणि फोड येतात. दोनदा साधा फेसवॉश, हलकं जेल आणि उन्हात जाण्याआधी सनस्क्रीन. याहून सोपं काय सांगायचं असतं? माझं डोकंच फिरलं.

“सनस्क्रीन कितीदा लावलंस?”

“एकडाव. चांगलं जाड लावलं. जिथं निंघालं तिथं वरून हात मारला.”

“अन् खाली तेल होतं मॅडम,” आईने भर घातली. “कोरड्या कातडीवर ते कसं धरन?”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रवीणची संत्र्याची बाग आहे. संत्र्याच्या बुंध्याला रोग लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावतात. तिला बोर्डो म्हणतात. एकदा जाड थापली की कित्येक महिने तिकडे बघायचं नाही. पठ्ठ्याने माझी ट्यूब तशीच वापरली होती.

“प्रवीण, फवारणी केली आणि लगेच पाऊस आला तर?”

“परत मारा लागते.”

“घाम म्हणजे पाऊस. दर दोन-तीन तासांनी परत लावायचं. संध्याकाळी सगळं धुऊन टाकायचं.”

तो विचारात पडला. “मंग त्यात स्टिकर टाकू का?”

स्टिकर म्हणजे औषध पानाला चिकटावं म्हणून फवाऱ्यात टाकतात ते. मी हात जोडले.

आईला मात्र हसू येत नव्हतं. “मॅडम, शेतीवाल्या पोराले आजकाल पोरगी भेटत नाई. लय मुश्किलीनं जमलं. तिनं याले हिवाळ्यात पाह्यलं. आता हे थोबाड पाहून नाई म्हणलं तं?” मलाही वाईट वाटलं. मी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यात त्याच्याआधी एक मुलगी तरातरा आत आली. गाडीवर उन्हासाठी घातलेले हातमोजे काढत म्हणाली, “मी तळेगावची स्वाती. प्रवीणसंग माझं लग्न ठरलं हाय. तो व्हिडिओ कॉल उचलत नाई. विचारलं तं म्हणते, बागेत हाय. बाबा कालपासून लग्न मोडाची भाषा करून राह्यले. तो तुमच्याकडं येते म्हणतात. कोणता रोग हाय त्याले?”

“पेशंटबद्दल मी बोलत नाही,” मी म्हटलं. “पण बाहेर बाकावर बघून घ्या.”

ती त्याच्या समोरूनच आत आली होती. मे महिन्यात बाकावरच्या सगळ्यांचीच तोंडं दुपट्ट्यात असतात, तिने ओळखावं कसं? तिने बाहेर जाऊन “प्रवीण!” अशी हाक मारली. एक दुपट्टा दचकला. तिने तो खाली ओढला.

फोड बरेच बसले होते, डाग होते.

“एवढ्यासाठी फोन नाई उचलला? मले वाटलं दुसरी पाह्यली!”

“तू नाई म्हणशीन म्हणून...”

“मी तुया गालासंग लग्न करून राह्यली का?” तिने फोन काढला, बापाला व्हिडिओ कॉल लावला आणि प्रवीणच्या डागांसमोर धरला. “बाबा, हे पाहा. पोरगा जाग्यावर हाय.”

लग्न ठरल्या दिवशी लागलं. आता सनस्क्रीन लिहून देण्याआधी मी पेशंटला विचारते, घरी पीक कोणतं? आणि लग्न ठरलेलं असेल तर प्रिस्क्रिप्शनच्या शेवटी लिहिते: फोन उचलणे, दिवसातून दोनदा.