सहावी वाटी

मला जुन्या काचेतलं कळतं, असं मी लोकांना ठणकावून सांगत आले. शाळेतली नोकरी संपल्यापासून हाच उद्योग. मार्केटामागच्या जुन्या सामानाच्या दुकानांत बसकण मारायची, धुळीतून वाट्या, ताटल्या, साखरेची भांडी उचलायची आणि उजेडाकडे धरून बघायची. हाताने कोरलेल्या काचेच्या कडा बोटाला बोचतात. साच्यात दाबून केलेल्या काचेच्या कडा मऊ लागतात, आणि भांड्याच्या अंगावरून साच्याची शिवण वरून खाली उतरलेली दिसते. मग नक्षी बघायची, तळाची चांदणी किती टोकांची, कडेला कमानी आहेत की चौकोन, आणि घरी येऊन वहीत चित्र काढायचं. सरस्वतीपुरमच्या आमच्या घरात माणसाला बसायला जागा नाही, पण काचेला चार कपाटं. नवरा होता तोवर म्हणायचा, "तुझ्या घरात शिंकायचीसुद्धा चोरी." खरंच होतं ते.

या वेडाचं मूळ म्हणजे आईच्या सहा वाट्या. बुटक्या पायाच्या, कडेला कमानी, तळाला चांदणी. सणाला त्यांत पायसा वाढायची आई. आमच्याकडे खिरीला पायसाच म्हणतात. मराठी बोलत असलो तरी चार पिढ्या म्हैसुरात काढल्यात, अल्ला? 'नाही का'लाही आम्ही कानडीतलं 'अल्ला'च म्हणतो. दसऱ्याला घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतात त्यांना. तेव्हा शेजारणी आमच्या वाट्या मागून न्यायच्या, कुणी त्यात पाणी घालून तळं करायची, कुणी मोहरी पेरून शेत. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घेता येतं, काचेवर कसं कोरणार? म्हणून बाबांनी फाटक रंगवून उरलेल्या लाल तैलरंगाचा एकेक ठिपका प्रत्येक वाटीच्या तळाला दिला होता. ठिपका असला की वाटी आमची. परत आलेली वाटी आई आधी उलटी करून बघायची, मग शेजारणीला बस म्हणायची.

आई गेल्यावर सगळ्या वाट्या माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, कृष्णराजनगरला गेल्या. एक तरी मला दे, म्हणून मी तिच्या किती मागे लागले! "देते गं, एवढी घाई कसली?" हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी एका दसऱ्यानंतर ती स्वतःच बसने आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली वाटी पिशवीतून काढली. थेट बाहुल्यांच्या पायरीवरून उचललेली, कुंकू, तेल, मोहरीची मुळं, सगळं चिकटलेलं. "घे बाई तुझी वाटी. आता तरी तोंड सरळ कर," म्हणाली. कॉफी प्यायली आणि परतीची बस गाठायला निघाली.

ती गेल्यावर मी वाटी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घातली. नवीन आलेली प्रत्येक वस्तू मी तशीच घालते. तासाभराने बघते तर पाणी लालसर, आणि पातेल्याच्या तळाशी लाल पापुद्रे. कुंकू, म्हटलं. पूजेतून आलेली वाटी, कुंकू नाही तर काय असणार? पाणी मोरीत ओतलं.

मग वाटी पुसून, भिंग घेऊन बसले. कडेला एकसुद्धा टवका उडालेला नाही. आपल्या घरात वापरलेली, अख्ख्या गल्लीत फिरलेली वाटी इतकी धड कशी? उलटी केली. ठिपका नाही. चांदणीचं एक टोक बाकीच्यांपेक्षा आखूड. तेही वहीत लिहून ठेवलं, "साचाच चुकलेला, हलका माल." माझं डोकं सणकलं. लगेच फोन लावला.

"अक्का, मला काय खुळी समजलीस? आईच्या वाट्या दाबून ठेवल्यास आणि बाजारातली माझ्या गळ्यात मारलीस!"

ती आधी हसली. "अय्यो, आईचीच आहे गं ती."

"मग ठिपका कुठाय?"

"होता की. नीट बघ."

"मला काच शिकवू नकोस तू!" मी म्हटलं. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. आईच्या आजारपणात कोण किती झिजलं, कुणी काय लाटलं, सगळं काढलं. अक्का फक्त "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. पावणेतीन वर्षं. मध्ये अंतर किती, तर बसने तासाभराचं. मी वाट बघत होते, चूक तिची, फोन तिने करावा. गेल्या वर्षी आषाढात फोन आला तो भाच्याचा. अक्का बसल्या जागी गेली होती. मी गेले, पाया पडले, रडलेसुद्धा. पण मनातली अढी तेव्हाही सुटली नव्हती, खोटं कशाला बोलू.

वर्षभर त्या घरात सण नव्हता. यंदा भाच्याच्या बायकोने फोन केला, "मावशी, गोंबे मांडायचेत. मला त्यातलं काही माहीत नाही, तुम्ही या." गेले. पायऱ्या रचल्या, पांढरं कापड घातलं. मोहरी पेरायला तिने ट्रंकेतून पाच वाट्या आणून माझ्यासमोर ठेवल्या.

सवयीने पहिली उलटी केली. लाल ठिपका. आणि चांदणीचं एक टोक आखूड. दुसरी केली, तेच. पाचही तशाच. एका साच्यातून निघालेल्या सगळ्या भांड्यांत साच्याची खोड उतरते, हे मीच लोकांना सांगत फिरते. एका ठिपक्याला नख लावलं तर लाल पापुद्रा सुटून बोटाला आला. कुंकू पाण्यात विरघळतं, त्याचे पापुद्रे होत नाहीत. बाबांचा ठिपका मी माझ्या हाताने मोरीत ओतला होता आणि त्यापायी बहिणीला चोर ठरवलं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सगळ्यांच्या कडांचे टवके उडालेत गं."

"हो ना मावशी," ती मातीत मोहरी कालवत म्हणाली. "एकच धड होती, ती तुमच्याकडे आहे. सासूबाई ती कधी जेवणात काढायच्या नाहीत, फक्त गोंबेत ठेवायच्या. म्हणायच्या, ही धाकटीची. तिला काचेतलं कळतं, टवका उडालेली दिली तर बिचारी रडेल."

मी वाटी खाली ठेवली.

"कळतं हो," म्हटलं. "मला काचेतलं फार कळतं."

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.