दांड्याच्या खाली राहिलेली व्हॅन

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४. दुपारी चारच्या सुमारास, बंदर समितीच्या नव्या नियमानुसार, बंदराचे राखणदार क्लेम नान्स यांनी होड्या ओढण्याच्या दगडी उताराच्या माथ्यावरचा लोखंडी दांडा आडवा केला, त्याला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून ते निघून गेले. त्या वेळी उतारावर एक व्हॅन उभी होती आणि व्हॅनखाली एक बाई होती. समितीच्या इतिवृत्तात या प्रकाराची नोंद 'किरकोळ गैरसोय' अशी आहे. कुलूप लागल्यानंतरचे सारे मी पाहिले, म्हणून माझीही नोंद असू द्यावी.

त्या बाई म्हणजे बेरिल अँगविन. आमच्या पोर्थवेन गावातल्या चाळिशीच्या आतबाहेरच्या प्रत्येकाने शाळेत त्यांच्या हातचे जेवण जेवलेले आहे. ज्या घरात त्यांनी उभे आयुष्य काढले, ते घरमालकाला उन्हाळी पाहुण्यांसाठी हवेसे झाले आणि बेरिलबाई भावाने मागे ठेवलेल्या जुन्या व्हॅनमध्ये राहायला गेल्या. भाऊ समुद्रात गेला. होडी परत आली, तो आला नाही. तेव्हापासून बाई समुद्राकडे तोंड करून बसत नाहीत. व्हॅनच्या त्या बाजूच्या खिडकीला पडदा नव्हे, घोंगडी शिवलेली आहे.

अशा बाईला उतारावर का जावे लागते, हे समितीतल्या नव्या मंडळींना ठाऊक नसावे. या व्हॅनचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. दोहोंना जोडणाऱ्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. जुने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे न गोठणारे द्रव, काढून नवे भरताना त्या नळ्यांत हवा अडकते आणि मग इंजिन तापून फुटते. गाडीचे नाक उंच असेल तरच ती हवा पुढच्या स्क्रूवाटे निघते. गावात इतका लांब, इतका सरळ चढ दुसरा नाही. म्हणून आमच्याकडे अशा गाड्या उलट्या उतारावर नेण्याची रीत आहे: नाक गावाकडे, शेपूट समुद्राकडे.

बाई भर ओहोटीला उतरल्या होत्या. दोन तासांत काम आटोपायचे. परंतु नळीचा गंजलेला पट्टा तुटला, दुसरा बसेना, आणि उधाणाची भरती कुणासाठी थांबत नाही. मी धक्क्यावरून घरी जात होतो. आधी कुलूप दिसले, मग पाणी, मग व्हॅनखालून बाहेर आलेले बूट.

"बेरिलबाई, वर कुलूप लागलंय."

"कोण, मास्तर का? थट्टेला दुसरं कुणी नाही मिळालं?"

"थट्टा नाही. क्लेम गेलासुद्धा."

पान्याचा आवाज थांबला. "पाणी कुठवर आलंय? मी बघणार नाही, तुम्ही सांगा."

"खालच्या कडीपर्यंत."

"खोटं बोलू नका."

"वरच्या," मी म्हणालो. उताराच्या कडेला होड्या बांधायच्या कड्या आहेत, त्यांतली ही शेवटची.

दुसरा पट्टा कसाबसा आवळून त्या सरपटत बाहेर आल्या. चेहरा पिठासारखा पांढरा. कालवून ठेवलेल्या नव्या कूलंटचे घमेले त्यांनी उचलायला घेतले, तेवढ्यात पहिली लाट मागच्या चाकांपर्यंत चढली आणि घमेले उलटून गेली. गुलाबी ओघळ फेसात मिसळताना बाई बघत राहिल्या. त्या लाटेकडे त्यांनी नाइलाजाने पाहिले, एवढेच.

कोरडे इंजिन क्षणभर चालवून त्यांनी व्हॅन वर घेतली. पुढचा बंपर दांड्याला टेकला. त्यापुढे जागा नव्हती. उधाण वाऱ्यासह आले की पाणी दांड्याच्या पायथ्याशी लागते, हे गावात लहान मुलालाही माहीत आहे.

"तुम्ही तरी बाहेर या," मी म्हणालो.

"येऊन राहू कुठं? तुमच्या वर्गात?" त्यांचे दात वाजत होते. "नळावरून पाणी आणा, मास्तर. साधं चालेल. दांडा उघडला तर गाडी तापता कामा नये. नाही उघडला, तर सगळं एकच."

मासेमारीची जाळी ठेवायच्या कोठीवरच्या नळावरून मी बादल्या वाहू लागलो. भरायचे तोंड गाडीच्या मागे, नंबरपट्टीआड. बाई तेथे उभ्या राहिल्या, समुद्राला पाठ देऊन, आणि समुद्र त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आला. प्रत्येक लाटेला त्या डोळे मिटत, पण हात हलू देत नसत. मग इंजिन सुरू केले. मी पुढे स्क्रू सैल केला. फसफस हवा येत राहिली. मागे धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी पाणी गुडगुडू लागले. इंजिन बंद पडले की पुन्हा सुरू होणार नव्हते.

एव्हाना दांड्याच्या पलीकडे सात-आठ माणसे जमली होती. एकाच्या हातात लोखंड कापायची करवत होती. ती चालली मात्र नाही, कारण कुलूप समितीचे. अध्यक्षांना विचारावे, की उपाध्यक्ष पुरे, यावर सुशिक्षित माणसे खालच्या आवाजात चर्चा करत होती. कुणीतरी क्लेमच्या मुलीकडे निरोप धाडला होता, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

क्लेम धावत आले. "अगं बेरिल, तू होय? मला वाटलं पाव्हण्यांची गाडी. फुकट मुक्काम टाकतात मेले. म्हटलं, घडू दे अद्दल."

"पाव्हण्यांची असती तर बुडवली असतीस?"

"तसं नाही गं..."

"वाकला असतास तर पाय दिसले असते, क्लेम्या. बूटसुद्धा तुझ्याच बायकोनं दिलेत."

त्यांची किल्ली दोनदा कुलपाच्या बाजूला लागली. दांडा उचलला गेला तेव्हा मागची चाके निम्मी पाण्यात होती. व्हॅन वर आली.

समितीसाठी प्रकरण येथे संपले. बेरिलबाईंसाठी नाही. त्यांच्या इंजिनात आज नळाचे साधे पाणी आहे. पहिल्या कडक थंडीत ते गोठेल आणि इंजिन तडकेल. मग ते घर ऊबही देणार नाही आणि हलणारही नाही. ते पाणी काढून नवे कूलंट भरायला पुन्हा उतारावर जाणे भाग आहे. गेल्या आठवड्यात त्या माथ्यापर्यंत गेल्या आणि परतल्या. "पाय पुढं जात नाही, मास्तर," एवढेच म्हणाल्या. "मागं पाणी, पुढं कुलूप. डोळे मिटले की तेच दिसतं." मलाही तेच दिसते.

म्हणून या गावपत्रिकेच्या वाचकांकडे माझी मागणी आहे. शनिवारी, ९ नोव्हेंबरला, ओहोटी लागल्यापासून बाईंचे काम पुरे होईपर्यंत तुमच्यापैकी कुणीतरी सतत दांड्यापाशी उभे राहावे, आणि किल्ली क्लेमच्या खिशात नव्हे, त्या माणसाच्या हातात असावी. परवानगी कुणाची, ते नंतर ठरवा. त्या दिवशी या.