गव्हावर दळलेली भाजणी

आमच्या सुनेच्या हाताला चकली येत नाही, ही गोष्ट साफ खोटी आहे.

आमच्या नातेवाइकांत ती काही दिवाळ्या बिनबोभाट फिरते आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो माणूस धावतो. (धावतो असं त्याचं म्हणणं. गंगापूर रोडला चालायला येणाऱ्या बायका त्याला मागे टाकताना "काका, सावकाश हं!" म्हणतात.) तो माणूस म्हणजे मी.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार होता. परतीचा पाऊस काही परतायचं नाव घेत नव्हता. शनिवारी पहाटे मी बूट घातले, तर मालतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, हातात ओलं फडकं दिलं.

"अहो, आधी पंखे!"

पंखे झाले, मग माळा निघाला. माळा झाला, मग खिडक्यांच्या जाळ्या. तेवढ्यात आतून हाक आली, "पंखा लावा हो, कपडे वाळत नाहीयेत!"

"पंखा ओला आहे!"

"मग आजच कशाला पुसलात?"

संध्याकाळपर्यंत माझे गुडघे एक पाऊलही न धावता दुखायला लागले!

तिकडे स्वयंपाकघरात मोठा सोहळा चालला होता. मालतीचं मनगट दुखत होतं, म्हणून तिने त्या वर्षी पहिल्यांदाच चकली सुनेकडे सोपवली होती. प्राजक्ता आठवडाभर बँकेत राबून आलेली; तरी तांदूळ, डाळी, धने सगळं वेगवेगळं भाजत उभी होती.

"आई, एवढी लाल पुरे?"

"अजून जरा. वास सुटू दे. पाडव्याला माझं सगळं माहेर येतंय. तुझी चकली खाऊन गप्प झालं पाहिजे!"

रविवारी सकाळी माझी सुटका झाली, पण पाठीवर भाजणीची पिशवी घेऊन.

"धावायला जाताय ना? मग येताना दळूनच आणा. आणि ऐका, डाळीवर दळा. गव्हावर अजिबात नको!"

गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं पीठ राहतंच. भाजणी हरभऱ्याच्या डाळीमागून दळली तर चकली खुसखुशीत होते आणि गव्हामागून दळली तर वातड. हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे.

पाठीवर भाजणी घेऊन धावताना माणूस फार केविलवाणा दिसतो. वरून पाऊस. एका रिक्षावाल्याने आपणहून रिक्षा थांबवली. "बसा बाबा, पैसे नका देऊ." मी नकार दिला, आणि पुढच्याच चौकात त्याचा पश्चात्ताप केला.

गिरणीवर दिवाळीची झुंबड. गिरणीवाला संतोष पिठाने पांढराफटक झालेला.

"काका, आत्ता गव्हाचं चालू हे. डाळीचा नंबर यायला लय टाइम लागंल. बसा तिथं बाकावर."

मी बसलो. अंगावरचे कपडे गार पडले, पाय आखडले. आता एक नाजूक बाब सांगतो. रविवारी धावणं संपलं की आमचा ग्रुप मिसळ खायला जातो. खरं सांगायचं तर मिसळ हेच ध्येय, धावणं ही तिच्याकडे जायची वाट. फोन वाजला. "काका, तर्री आलीये! तुमच्या पावाचं काय करू?"

मी उठलो. "संतोष, दळून टाक रे."

"गव्हावर चालंल का?"

"चालेल काय, धावेल!" मी म्हणालो. स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा!

पाडव्याला मालतीचं माहेर आलं. प्राजक्ताने ताट पुढे केलं. मेहुणीबाईंनी चकली मोडली, म्हणजे मोडायचा प्रयत्न केला. चकली वाकली. सोडल्यावर परत सरळ झाली.

"पिठाला तेलाचं मोहन चुकलं गं," मेहुणीबाई म्हणाल्या.

"भाजणी नीट दळली होती ना?" मालतीने माझ्याकडे पाहिलं.

"उत्तम!" मी म्हणालो. आणि वातावरण हलकं करावं म्हणून पुढे म्हणालो, "मऊ आहे ते बरंच की! आमच्या वयाला सोयीची!"

प्राजक्ता ताट उचलून आत गेली. त्यानंतर तिने कोणासमोर सोऱ्याला हात लावला नाही. बारशाला, डोहाळजेवणाला, कुठेही फराळाचा विषय निघाला की, "आमच्या प्राजक्ताचं सगळं छान, फक्त चकली नाही हो जमत." मी दर वेळी मान खाली घालून बुटाची नाडी बांधायचो. पायात चपला असल्या तरी!

यंदा ती हळूच म्हणाली, "बाबा, येताना चकलीचं पाकीट घेऊन या. उगाच पुन्हा हसं नको." त्यानंतर मला धाववेना. सगळं सांगून टाकलं. मिसळीसकट.

मालती म्हणाली, "मिसळीसाठी?"

"तर्री आली होती," मी म्हणालो.

"आणि मी मोहन बदलत बसले, बाबा!" प्राजक्ता म्हणाली. "चोरून! तुम्ही सगळे झोपल्यावर त्याच पिठातलं वाटीभर घेऊन!" मग तिने डब्यांतले तांदूळ, डाळी काढून कढई ठेवली.

भाजणी घेऊन मला चालत गिरणीवर धाडण्यात आलं. "काका, आज पण गव्हाचंच चालू हे," संतोष म्हणाला. मी बाकावर बसलो. फोन वाजत राहिला, वाजू दिला. डाळ आल्यावरच उठलो.

काल मेहुणीबाईंनी प्राजक्ताची चकली मोडली. कडकन आवाज आला. त्या गप्प झाल्या, आणि हे आमच्या घरात प्रथमच घडलं! प्राजक्ताने दुसरी चकली मोठ्या मानाने माझ्या हातात ठेवली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चावलो. चकली जागची हलली नाही, कवळी हलली.

शेवटी मी ती चहात बुडवली आणि चांगली वातड करून खाल्ली.