धायरीच्या वेलीचा कौल

सत्यशीला वर्ध्याहून पुण्यात पीएचडीला आली, तेव्हा तिच्या खोलीवरच्या मुली सकाळीच हिंजवडीच्या कंपनीची बस गाठायला पळत. ही मात्र धायरीच्या टेकडीवरची एक रानवेल धरून बसली. पानांतली फिनॉलं नावाची रसायनं वेगळी काढायची, एकेकाची ओळख पटवायची. एखादं नवं निघालं तरच प्रबंध तरणार होता.

वेल चढलेली देवीच्या दगडावर. रोज तिथं दिवा लावणारी तुळजाबाई म्हणाली, "आधी कौल लाव. फूल उजवीकडं पडलं तर ने. न्हाईतर पानाला हात लावू नगं."

सत्यशीलेनं ओलं फूल दगडाला चिकटवून हात जोडले. फूल काही पडेना. परतीच्या बसची वेळ झाली. तुळजाबाई वाती वळत होती. सत्यशीलेनं हळूच फुंकर मारली. फूल उजवीकडं पडलं.

प्रयोगशाळेत तिनं पानांच्या अर्काचे भाग वेगळे केले. त्यांचे थेंब पट्टीवर लावून ती द्रावात उभी केली, की डाग सरळ वर चढतात. फवारा मारला, की फिनॉल निळंकाळं उमटतं. सगळे डाग सरळ चढले. एकच, कुठल्याही माहीत नमुन्याशी न जुळणारा, डावीकडं वळला.

"पट्टी वाकडी धरलीस," तिचे मार्गदर्शक अनंत सर म्हणाले. "वर्ध्याला सरळ उभं करायला शिकवत नाहीत वाटतं."

मग त्यांनी स्वतः पट्टी लावली. डाग डावीकडंच गेला.

"पंखा बंद कर आधी," सर म्हणाले.

पंखा बंदच होता.

त्या वळलेल्या डागातल्या फिनॉलची चिमूटभर शुद्ध भुकटी जमली. ओळख पटवायला ती बाहेर तपासणीला धाडायची होती. सत्यशीलेनं बाटलीला सील लावलं. पण टपालात टाकायला मन होईना. बाटली घेऊन ती धायरीला गेली.

"त्या दिशी फुंकर मारलीस न्हवं?" तुळजाबाई म्हणाली. "माझं ध्यान वातीत व्हतं. देवीचं न्हवतं."

सत्यशीलेनं पुन्हा फूल लावलं. हात काढते न काढते तोच ते डावीकडं पडलं.

भुकटी वेलीच्या मुळाशी परत द्यावी म्हणून तिनं सील फोडलं. बाटली धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"तिचं तिनं नेलं," तुळजाबाई म्हणाली. "आता मागं वळून बघू नगं, बाई."

सरांनी नवी पानं आणायला सांगितलं. सत्यशीला नाही म्हणाली. प्रबंधात माहितीतल्याच फिनॉलांची नावं आली, आणि तो नामंजूर होऊन परत आला. दुसरी वनस्पती घेऊन तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.