विमलक्काचा प्रोग्रॅम आणि माझा अहवाल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर मी बारावीला कॉपी केल्याचंसुद्धा सांगून मोकळा झालोय. मग तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी पुण्याहून बंगळूरला आलो होतो, व्हायरस शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत. गिऱ्हाइकाच्या संगणकात काही संशयास्पद सापडलं की ते आमच्याकडे यायचं. त्या प्रोग्रॅमच्या आतल्या सूचना उलगडून आम्ही लांबच लांब कागदावर छापायचो, कागद फरशीवर अंथरायचो आणि पेन्सिल घेऊन त्यावर रांगत वाचायचो. हसू नका, खरंच रांगत. शेवटी फॉर्म भरायचा. त्यावर निर्णयाचे तीन चौकोन होते — व्हायरस, निर्धोक, आणि मधला, ‘अनाहूत पण निरुपद्रवी’. मधल्या चौकोनावर खूण केली तर एक जादा पान जोडावं लागे: हा प्रोग्रॅम नेमकं काय करतो आणि काढायचा कसा.

त्या जादा पानाबद्दलच मला सांगायचंय. पण थांबा, आधी प्रोग्रॅमबद्दल सांगू द्या. तो आठवला की अजून अंगावर काटा येतो.

बंगळूरच्याच बनशंकरी भागात लग्नपत्रिका आणि पुस्तकं छापणारा एक प्रेस होता. मालक तिथलेच, चार पिढ्यांपूर्वी आलेल्या मराठी घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आमच्या तपासणीच्या डिस्कनं त्यांच्या प्रत्येक फ्लॉपीवर बोंब मारली, ‘अनोळखी व्हायरस’. अण्णा घाबरले. तेव्हा मजकूर टाइप करणाऱ्या विमलक्का आपणहून पुढे आल्या आणि म्हणाल्या, तो माझा आहे. चाळिशीच्या बाई, कानडी शाळेत मॅट्रिक झालेल्या. वीज सारखी जायची आणि टाइप केलेली पानंच्या पानं उडायची, म्हणून त्यांनी स्वतःच शिकून तो लिहिला होता. अण्णांनी सांगितलं, हा इंजिनिअर काय म्हणतो ते बघू. अक्कांना संगणकावर ठेवायचं की नाही, ते माझ्या फॉर्मवर ठरणार होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं.

मी तीन दिवस वाचत होतो. एक किलोबाइटही नाही, एवढंसं ते! टाइप करणारीचे हात थांबले की तेवढ्या उसंतीत तो मजकूर डिस्कवर उतरवून ठेवायचा. हात पुन्हा चालू झाले की गप्प. फ्लॉपीवर जागा कमी असेल तर काही न लिहिता मागे सरायचा. एक सूचना जादा नाही, एक कमी नाही. मी पेन्सिल खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. हे कुणी शिकवलं या बाईला? कुणीच नाही. मोठ्या देवळात शिरल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो ना, तसं मला त्या कागदापुढे झालं.

दोष एकच होता. तो न विचारता प्रत्येक फ्लॉपीवर स्वतःची नक्कल ठेवायचा, कारण अक्का कधी या मशीनवर बसत, कधी त्या. आणि आमचा नियम सांगायचा, जो स्वतःची नक्कल करतो तो व्हायरस.

पण शेवटच्या भागात आणखी एक गोष्ट होती. ठरावीक दोन कळा एकदम दाबल्या की तो स्वतःला पुसून टाकायचा. फ्लॉपी होती तशी करायचा, मशीन होतं तसं करायचा आणि निघून जायचा. असं वागणारा व्हायरस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. मधल्या चौकोनाचा याहून चांगला पुरावा कुठला असणार? ते जादा पान मी लिहिलंसुद्धा, सुवाच्य अक्षरात.

आणि फाडलं.

का? कारण तसलाच प्रोग्रॅम मी सहा महिने लिहीत होतो आणि माझा दर वेळी मशीन बंद पाडायचा. पदवी माझ्याकडे होती, पगार मला होता, आणि ही बाई — मला सहन झालं नाही. जळलो मी, सरळ शब्दांत. ‘व्हायरस’वर खूण केली, खाली सही केली. नियमाप्रमाणे अहवाल बरोबरच होता. कुणी मला पकडू शकलं नसतं.

अण्णांच्या समोर अक्कांनी एवढंच विचारलं, “सगळं वाचलात काय हो? शेवटपर्यंत?”

मी म्हणालो, “गरज पडली नाही. सुरुवातीलाच कळलं.”

त्या म्हणाल्या, “सरी, बरं. तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर असेल.”

फ्लॉप्या साफ करायला आमची डिस्क मी काढणार, तेवढ्यात त्या स्वतःच मशीनपाशी बसल्या. एकेक फ्लॉपी घालायच्या, दोन कळा दाबायच्या, बाहेर काढून ओळीत ठेवायच्या. पस्तीस-चाळीस फ्लॉप्या असतील. नंतर मी प्रत्येक तपासली, एकीवरही ओरखडा नव्हता. प्रोग्रॅम आपल्या पायांनी निघून गेला होता, माझ्या डोळ्यांदेखत. अण्णांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, “बघा, इंजिनिअर आले म्हणून सुटलो.” मी “हो” म्हणालो. अक्का माझ्याकडे पाठ करूनच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या पत्रिकांना घड्या घालायच्या कामाला लागल्या. वर्षभरानं तपासणीला गेलो तेव्हाही तिथेच होत्या. मला बघून उठल्या आणि खुर्ची पुढे केली. मी तिच्यावर बसलो.