तिसऱ्या डोसानंतरचं सीतादही

लघवीला जायची माणसाला भीती वाटते, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मात्र घरामागच्या संडासाचं दार दिसलं तरी मी पाऊल मागं घेई. आत जायचं, कडी लावायची, भिंतीला हात टेकायचा, पदराचा बोळा दातात धरायचा आणि मग सोडायचं. तेही थेंब थेंब. आतून कोणी तिखट चोळावं अशी आग. बाहेर सून उभी.

"आई, झालं काय?"

"झालं की ढोल वाजवून सांगतो गावाले!" मी आतून ओरडे. तिचा काय दोष बिचारीचा? पण राग कोणावर तरी निघायला हवा होता, आणि तीच जवळ होती. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, आणि नवरा असा की त्याच्यावर चिडलं तरी भिंतीवर चिडल्यासारखं.

मला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि सांगितलं, गाठ गेली, पण ही परत उगवणारी जात आहे. म्हणून सहा आठवडे, दर बुधवारी, नळीनं पिशवीत औषध सोडायचं. ते औषध म्हणजे क्षयाच्या लशीतले जंतू, जिवंत पण दुबळे केलेले. ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला.

"एक रोग काढाले दुसरा टाकता काय?" मी विचारलं. डॉक्टर हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मावशी, हे अर्धवट सोडलं आणि गाठ खोल रुजली, तर पिशवीच काढावी लागेल. लघवीसाठी पोटावर बाहेरून पिशवी लावावी लागेल. आणि तेवढ्यावर निभावलं तर नशीब समजायचं." सून शेजारीच बसली होती. तिनंही ऐकलं.

औषध आत गेलं की दोन तास धरून ठेवायचं, कुशी बदलत पडून राहायचं. मग बसून सोडायचं, वरून ब्लीचिंग टाकायचं, आणि पाणी प्यायचं, पाणी, नुसतं पाणी. पहिला डोस बरा गेला. दुसऱ्याला हुडहुडी भरून ताप आला. तिसऱ्यानंतर लाल यायला लागलं आणि अर्ध्या अर्ध्या तासानं जावं लागायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, उन्हाळी लागली असन, धन्याचं पाणी घ्या. तेही घेतलं. धने बिचारे काय करणार! शेवटी मी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या आणि कोणाला सांगितल्या नाहीत. एक, पाणीच प्यायचं नाही. आत गेलं नाही तर बाहेर काय येणार? आणि दुसरी, चौथ्या डोसाला जायचं नाही. मरायचं तर मरू, पण त्या नळीखाली पुन्हा नाही.

सबब आयती मिळाली. कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या बुडाशी दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि तोच भात वावराच्या चारी अंगांना शिंपायचा. हे घरच्या मालकिणीनं करायचं, आणि ते झाल्याशिवाय बोंडाला कोणी हात लावत नाही.

"बुधवारी यवतमाळले जायाचं हाय ना?" नवऱ्यानं विचारलं.

"मंगळवारी सीतादही हाय. मंग वेचणी लागन. बाया वावरात सोडून मी तथी झोपाले जाऊ काय?"

ते चपला सरकवून अंगणात निघून गेले. त्यांच्या गप्प राहण्यानं मी जन्मभर जळले, पण त्या दिवशी ते माझ्या सोयीचं होतं. सून चुलीशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा थापायला लागला.

मंगळवारी मी उठल्यापासून तोंडात थेंब घेतला नाही. चहासुद्धा नाही. सून आणि मी वावरात पोचलो तेव्हा जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया बांधावर, धुऱ्यावर येऊन बसल्या होत्या, कापूस वेचायला कमरेला ओट्या बांधून तयार. ऊन चढायच्या आत त्यांना आपापली पात, म्हणजे वेचायची ओळ, धरायची होती. मी दगड मांडायला खाली वाकले आणि खालून अशी कळ आली की डोळ्यापुढं अंधारी.

तुरीच्या आड गेले. बसले. काहीच येईना. जोर केला, तर काळपट रक्ताची एक गुठळी पडली आणि मग पुन्हा काही नाही. लागलेली तर अशी की आत्ता फुटेल. परत आले, दगडाला कुंकू लावलं. पुन्हा तुरीत. पुन्हा काही नाही. पोटाला हात लावला तर बेंबीखाली टणक, फुगलेलं. मला कळून चुकलं की आत काहीतरी तुंबलंय. पण बाया बघताहेत, दहीभाताचा गंज उघडा पडलाय, म्हटलं एवढं उरकून घेऊ.

"आई, राहू द्या. घरी चाला," सून म्हणाली.

"चूप राह्य! मले शिकवू नको."

आणि तिसऱ्यांदा उठायला गेले ती उठलेच नाही. गुडघ्यावरच कोसळले. तोंडातून काय ओरडले मला आठवत नाही, पण धुऱ्यावरच्या बाया धावत आल्या. त्यातली एक म्हातारी माझ्या काखेत हात घालून म्हणत होती, "ऊठ याडी, ऊठ." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. मी तिची याडी कुठून? पण मी लहान पोरीसारखी तिच्या गळ्यात पडले आणि सगळ्यांनी मिळून मला ऑटोत घातलं.

यवतमाळचा तो रस्ता मी वैऱ्यालाही देणार नाही. प्रत्येक खड्ड्याला पोट फाटत होतं. डोकं सुनेच्या मांडीवर, आणि मी ऑटोवाल्याला शिव्या देत होते, हळू चालवलं तरी शिव्या, जोरात चालवलं तरी शिव्या. सून माझ्या कपाळावरचा घाम पुसत होती आणि घडीघडी विचारत होती, "आई, आयकू येते ना?" मला ऐकू येत होतं. मी घाबरून तिचा पदर मुठीत घट्ट धरला होता.

दवाखान्यात नर्सबाईनं नळी घातली. ज्या नळीच्या नावानं मी बोटं मोडत होते, तिनंच मला वाचवलं. पिशवी धुतली, गुठळ्या निघाल्या, मग भळाभळा लघवी आली आणि पोट खाली बसलं. मी ढसाढसा रडले. लाजबीज काही उरली नव्हती.

"पाणी किती पीत होता मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पीत होते की."

"सकाळपासून थेंब नाही घेतला," सून म्हणाली. "अन् चार दिवसांपासून वाटीनं पितेत."

म्हणजे पोरीचं लक्ष होतं. डॉक्टर माझ्यावर चांगलेच तापले. पाणी नसलं की रक्त वाहून जात नाही, आतच गोठतं आणि वाट बंद होते. आता दोन आठवडे डोस नाही, आग कमी करायच्या गोळ्या घ्यायच्या, आणि चौथा डोस देताना औषध थोडं कमी करू, म्हणाले. "येणार ना?" मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

काही दिवसांनी घरी सोडलं. यवतमाळहून घाटंजीमार्गे येताना आभाळ भरून आलं होतं. आजूबाजूच्या वावरांतली पहिली वेचणी उरकली होती. आमचं वावर आलं आणि माझा जीव वरखाली झाला. पांढरंशुभ्र. बोंडं तशीच लोंबत होती, काही कापूस खाली मातीत गळला होता. एकाही झाडाला हात लागलेला नव्हता.

घरात पाऊल टाकलं तशीच मी नवऱ्यावर तुटून पडले. "काहून नाही वेचला? पाणी आलं म्हंजे मातेरं होईन त्याचं! बाया आल्या नाही काय?"

"आल्या होत्या. सीतादही नव्हतं झालं."

"मंग सुनेच्या हातानं करून घ्याचं होतं! एक दिवस तं घरी येऊन गेलती ना ही?"

ते सुनेकडं पाहायला लागले. "म्हणलं होतं मी तिले," एवढंच बोलले. सून माझी पिशवी हातात घेऊन दारातच उभी होती.

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"काहून? हात मोडले होते काय तुये?"

तीन वर्षांत या पोरीनं मला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी तिचा चेहरा लालबुंद झाला. "तुमच्या सासूबाई गेल्या त्या वर्षी तुमच्या हाती आलं ना सीतादही? मंग मी काहून करू? तुमी मेल्या काय?"

बोलली आणि स्वतःच घाबरली. नवरा खाटेवरून उठून उभा राहिला. मला वाटलं ती आता माफी मागेल. पण तिनं पिशवी खाली ठेवली आणि डोळे पुसत माझ्यासमोर आली.

"चौथ्या डोसाले जायाचं नाही असं तुमी ठरवलं हाय. मले मालूम हाय, दसऱ्यापासून मालूम हाय. तसंच असन तं आत्ता सांगून द्या. मंग मी शिकून घेतो समदं. दगड किती मांडाचे, पहिलं कुंकू कोणाले लावाचं. मांगून कोणाले इचारू मी?"

इतके दिवस मी फक्त माझी आग मोजत होते. ही पोर माझ्याशिवायचं घर डोळ्यापुढं घेऊन वावरत होती, आणि तरी रोज त्या दाराबाहेर उभी राहत होती. मी तिचा हात धरून तिला जवळ ओढलं.

"नको शिकू," मी म्हटलं. "आत्ताच नको शिकू. डॉक्टरनं सांगतलं त्या बुधवारी मायासंग यवतमाळले चाल."