माळणीच्या बंडीवरचा पोपट

ज्वारीच्या पिठाची खळ शिजू लागली, की मला अमरावतीतली एक सकाळ आठवते. त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि यजमानांनी मुंबईहून हाताने फिरवायचं शिवणयंत्र आणलं होतं. ते पाहायला आमच्या शिंप्याच्या दुकानासमोर नुसती झुंबड उडाली होती. त्यातून वाट काढत शेजारची माळीण विलायती विणीची, ओढली की ताणणारी बंडी घेऊन आली. संध्याकाळी नातवाचं बारसं होतं आणि तिला बंडीवर पोपट हवा होता. यजमानांनी आतल्या कडेवर यंत्राने नुसती चोच काढून पाहिली, तर कापड ताणत गेलं आणि चुण्या पडल्या. “हे चोच हाय का वांग्याचं देठ?” माळीण म्हणाली. “एकच बंडी हाय, बिघडली तं पोराले काय घालू?” कोष्टी सुताला खळ लावतात, ते मला एकदम सुचलं. जुन्या धोतराचा तुकडा खळीत भिजवून मी बंडीला आतून चिकटवला आणि उन्हात कडक वाळवला. मग यंत्र फिरलं आणि कापड जागचं हललं नाही. पोपट झरझर उमटत गेला, तशी गर्दी आत सरकली. खळ धुऊन, जादा धोतर कापून मी बंडी माळणीच्या हातात दिली. तिने ती ताणून ताणून पाहिली. “वैनी, आता याले मिरची देऊ का?” आजही ताणणारं कापड आलं, की मी यंत्राआधी चूल पेटवते.